थकलेल्या यंत्राचा पोळा

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेल्या त्या खांद्यांना पळसाच्या पानाने हळद-तूप लावतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचे आवतण देतात. बैल म्हातारा झाला असला तरी त्याचा हा मान चुकत नाही. पांढुर्णा-सौंसर भागात वाढलेल्या माणसाला या प्रथेचे मर्म समजावून सांगावे लागत नाही. ज्याने ओझे वाहिले, त्याला टाकण्यापूर्वी त्याचे ओझे उतरवून पाहावे.

हीच वृत्ती घरातल्या निर्जीव वस्तूंच्या वाट्यालाही येत असे. विरलेल्या लुगड्यांची वाकळ होई, पितळेच्या भांड्यांना कल्हई लागे, छत्रीची काडी मोडली तर बाजाराच्या दिवशी ती बसवून आणली जाई. या साऱ्या शहाणपणाला अपवाद ठरला तो मोबाईल फोन. तो मंद झाला की दुरुस्तीचा विचार आपल्या मनाला शिवतही नाही. आपण नवा घेतो, आणि जुना कपाटाच्या खणात, निकामी चार्जरांच्या शेजारी, ठेवून देतो. असा एक फोन आम्ही खणात जाऊ दिला नाही, त्याची ही हकीकत. वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी त्याचा एखादा भाऊबंद असेल, म्हणून ती थोड्या तपशिलाने सांगते.

फोन माझ्या आईचा. आई तिगावात राहते, मी भोपाळला आणि धाकटा भाऊ नागपूरला. २०१९ साली वडिलांनी तो तिच्यासाठी घेतला, तेव्हा त्यात अँड्रॉइडची नववी आवृत्ती होती. पुढे दोन वर्षे सुधारणा येत राहिल्या, मग कंपनीने त्या बंद केल्या. २०२१ च्या उन्हाळ्यात वडील गेले. त्यानंतर आई आणि आम्ही यांच्यामधला रोजचा दुवा म्हणजे तो फोनच.

हळूहळू तो दुवा ढिला पडू लागला. घंटी वाजे, पण ज्याला बोट लावून उत्तर द्यायचे ते चिन्ह पडद्यावर उमटेपर्यंत समोरच्याने फोन ठेवलेला असे. अक्षर दाबले की ते दिसायला चार श्वास लागत. आम्ही हसण्यावारी नेत होतो. २०२४ च्या जानेवारीत एका रात्री आईला दम लागला. शेजारच्या काकूंना बोलवायला तिने फोन हाती घेतला, तर पडदा उजळला आणि तसाच गोठून राहिला. शेवटी तिने दार उघडून हाक मारली, काकू धावून आल्या आणि वेळ निभावली. ही गोष्ट तिने आम्हाला आठ दिवसांनी, बोलता बोलता, जणू दुसऱ्या कोणाची असावी तशी सांगितली. तेव्हापासून मंद फोन ही माझ्या लेखी निव्वळ गैरसोय राहिली नाही.

"नवा घेऊन देतो," असे भावाने त्याच दिवशी सांगितले. आईने नकार दिला. "थकला आहे बिचारा. थकलेल्याले कोणी घराबाहेर काढते का?" एवढेच ती म्हणाली. पण तिच्या नकाराला दोन भक्कम कारणे होती. पहिले असे की या फोनवरची प्रत्येक जागा तिच्या बोटाला पाठ होती. चष्मा हाताशी नसतानाही कोणाचे नाव कुठे आहे, हे तिला कळे. आणि दुसरे कारण म्हणजे त्या फोनात वडिलांचा आवाज होता. टंकण्याचा त्यांना कंटाळा, म्हणून ते बागेतून घरी व्हॉट्सॲपवर बोलके निरोप पाठवीत. "लाईन आली, मोटर लावली. मले याले उशीर होईन." वीज आली म्हणजे आमच्याकडे 'लाईन' येते. असे दहा-दहा सेकंदांचे दोनशेच्या वर निरोप होते. ते नव्या फोनवर नेता येतात, हे आम्ही परोपरीने सांगितले. आईने ऐकून घेतले, पण फोन हातातून सोडला नाही.

मे महिन्यात माझा भाचा सुटीला आला. नागपुरात अभियांत्रिकी शिकतो. त्याने फोन दोन दिवस उलटसुलट तपासला आणि म्हणाला, "आत्या, याचं लोखंड चांगलं आहे. ओझं जास्त झालंय." मला आमचा रेल्वेचा घाट आठवला. तिगावकडून चिचोंड्याच्या दिशेने लोहमार्ग चढत जातो, आणि जड मालगाड्यांना तिथे मागून जादा इंजिन जोडावे लागते. गाडी रखडली म्हणून कोणी पहिले इंजिन भंगारात काढीत नाही. मागे डबे किती लागले आहेत, ते आधी मोजतात.

त्याने मोजलेले डबे तीन प्रकारचे होते. पहिला डबा साठवणीचा. ६४ जीबीपैकी जेमतेम दोन जीबी मोकळी होती. फोनमधल्या साठवणीत जुन्या मजकुरावर थेट नवा लिहिता येत नाही. आधी एक अख्खा कप्पा पुसावा लागतो, आणि त्यातले हवे ते त्यापूर्वी दुसरीकडे हलवावे लागते. खोली सामानाने ठासून भरली असेल तर एक खाट सरकवायला तीन खाटा हलवाव्या लागतात, तशातला हा प्रकार. दुसरा डबा कंपनीने स्वतःहून भरलेल्या ॲपचा. खेळ, जाहिराती, बातम्यांच्या पट्ट्या, असे कितीतरी. आईने ती कधी उघडली नव्हती, तरी ती आतल्या आत जागी राहून स्मृती खात होती, आणि त्यांतली बरीचशी काढून टाकण्याची सोयच नव्हती. तिसरा डबा काळाचा. रोजच्या वापरातली ॲप दर वर्षी अधिक जड होत जातात, आणि फोनची मूळ प्रणाली मात्र २०२१ मध्येच थांबलेली. सुरक्षेची भोके बुजविण्याचे कामही तिथेच थांबले होते.

येथे एक सांगायला हवे. अशा वेळी पहिला उपाय सर्वांत सोपा करावा. आम्ही बिनकामाचे व्हिडिओ आणि 'शुभ प्रभात'ची हजारो चित्रे काढून दहा-बारा जीबी जागा मोकळी केली, आणि पांढुर्ण्याच्या दुकानातून बॅटरी बदलून घेतली. फरक पडला. चार श्वासांचे दोन झाले. पुष्कळ घरांना एवढ्यानेच भागेल. आमचे भागले नाही, कारण उरलेले दोन डबे तसेच होते. ते सोडवायचे तर फोनची मूळ प्रणालीच बदलणे भाग होते.

प्रणाली बदलायची म्हणजे काय, हा प्रश्न मी भाच्याला केला. त्याच्या उत्तराचा सारांश असा. अँड्रॉइडच्या तळाशी लिनक्स नावाचा गाभा आहे. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली तो लिहायला घेतला आणि सर्वांसाठी खुला ठेवला. त्यावर गूगलने उभारलेली अँड्रॉइड प्रणाली २००८ मध्ये पहिल्यांदा फोनमध्ये आली, आणि तिचाही मुख्य भाग खुला आहे. म्हणजे त्याची मूळ संहिता कोणालाही वाचता येते, बदलता येते आणि आपल्या फोनसाठी नव्याने बांधता येते. फोनच्या कंपन्या हेच करतात आणि वर आपला साज चढवितात. मग तो साज उतरवून स्वच्छ प्रणाली बांधायला हौशी जाणकारांना कोण अडविणार? २००९ मध्ये अमेरिकेतील स्टीव्ह कोंडिक यांनी सायनोजनमॉड या नावाने असे काम सुरू केले आणि जगभरचे स्वयंसेवक त्याला येऊन मिळाले.

या कामाचा एक अध्याय आपल्या देशातही घडला. पुढे सायनोजन नावाची कंपनी निघाली. २०१४ च्या डिसेंबरात तिची प्रणाली असलेला वनप्लसचा फोन भारतात विक्रीला आला. परंतु भारतापुरते हक्क सायनोजनने मायक्रोमॅक्सला दिले होते, म्हणून मायक्रोमॅक्सने दिल्ली उच्च न्यायालयाचे दार ठोठावले. विक्रीवर मनाई आली, आणि काही दिवसांतच वरच्या पीठाने ती उठविली. भांडण मिटते न मिटते तोच दोन वर्षांत, २०१६ च्या अखेरीस, सायनोजन कंपनीनेच आपले काम गुंडाळले. एरवी कंपनी बुडाली की तिच्याबरोबर मालही बुडतो. येथे संहिता खुली होती. स्वयंसेवकांनी ती उचलली, नाव बदलून 'लिनिएज ओएस' ठेवले आणि काम पुढे चालू केले. लिनिएज म्हणजे वंशपरंपरा. नाव मला फार समर्पक वाटले.

आपल्यासारख्यांना ही गोष्ट परकी वाटू नये. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे जिल्हे मुंबई राज्यात गेले, आमचा भाग मध्य प्रदेशातच राहिला. तेव्हापासून कचेरीत हिंदी आणि घरात मराठी असा आमचा संसार आहे. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी त्यात बदल नाही. महाराष्ट्राबाहेरच्या मराठीला वरून आधार थोडाच, ती टिकली ती घराघरांतल्या बोलण्याने, मंडळांच्या वर्गण्यांनी, आणि कोणीतरी संध्याकाळी जाऊन वाचनालयाचे कुलूप उघडले म्हणून. ज्याचा निर्माता पाठ फिरवितो, ते वापरणाऱ्यांनी सांभाळले तर जगते. फोनच्या प्रणालीचेही तेच झाले. २०१४ साली अँड्रॉइडच्या पाचव्या आवृत्तीपासून फोनची सारी पाने मराठीत दिसू लागली. आईचा फोन मराठीतच होता, आणि खुल्या संहितेवर बांधलेल्या नव्या प्रणालीतही ती मराठी तशीच मिळणार होती. हे कळले तेव्हा आईचा अर्धा विरोध मावळला.

उरलेला अर्धा विरोध रास्त होता. फोनमध्ये परकी प्रणाली शिरू नये म्हणून एक कुलूप असते. त्याला बूटलोडरचे कुलूप म्हणतात. काही कंपन्या ते उघडूच देत नाहीत. काही देतात, पण आधी अर्ज घेतात. आमच्या अर्जाला सात दिवसांची मुदत पडली. आणि कुलूप उघडताच फोनमधले सगळे पुसले जाते. हा नियम दुष्टपणाचा नाही. चोराच्या हाती फोन लागला तर त्याने कुलूप तोडून आतले खासगी वाचू नये, म्हणून ती तजवीज आहे. परंतु वडिलांचा आवाज त्याच घरात होता, आणि घर रिकामे केल्याखेरीज डागडुजी होणार नव्हती.

मुहूर्त पोळ्याचा ठरला, कारण तेव्हा सगळे घरी येतात. मधले सात दिवस आवाज वाचविण्यात गेले. व्हॉट्सॲपमधला प्रत्येक बोलका निरोप फोनच्या साठवणीत एक स्वतंत्र छोटी फाईल असतो. भाच्याने तारेने संगणक जोडून तो सगळा संच त्यात उतरविला, त्याची दुसरी प्रत पेनड्राइव्हवर घेतली, तिसरी माझ्याकडे भोपाळला. "प्रत घेतली म्हणजे काम झालं नाही, आत्या. ती वाजते का ते पाहायचं," असे तो म्हणाला आणि एकेक फाईल उघडून ऐकू लागला. आई स्वयंपाकघरात होती. लाईन आली, मोटर लावली. खत आणायला सौंसरला चाललो. संत्र्याला बहर चांगला धरला. असा तासभर वडिलांचा आवाज त्या घरात फिरत राहिला. आई दारापाशी येऊन उभी राहिली, सगळे ऐकले, आणि मग स्वतःच्या हाताने फोन नातवापुढे ठेवून म्हणाली, "कर आता."

प्रत्यक्ष काम तासाभराचे. ते कोणत्याही फोनला लागू पडते असे नाही. लिनिएजच्या यादीत नेमके आपलेच मॉडेल आहे की नाही, हे आधी पाहावे लागते. नावे सारखी दिसली तरी आतले मॉडेल वेगळे असू शकते, आणि चुकीची प्रणाली चढविली तर फोन कायमचा मुका होण्याचा धोका असतो. आमचे मॉडेल यादीत होते. बॅटरी पूर्ण भरून घेतली, संगणकावरून हुकूम देऊन कुलूप उघडले, दुरुस्तीचा एक छोटा आरंभिक भाग आत बसविला आणि त्याच्या आधाराने अँड्रॉइडच्या चौदाव्या आवृत्तीवर उभी असलेली लिनिएज २१ चढविली. लिनिएजबरोबर गूगलची ॲप येत नाहीत. आईला व्हॉट्सॲप लागते, म्हणून पहिल्यांदा सुरू करण्यापूर्वीच त्यांचा लहानातला लहान संच वेगळा जोडला. मग फोन उघडला. पहिल्या खेपेला त्याला बरीच मिनिटे लागतात. तेवढा वेळ घरात कोणी बोलले नाही. पडद्यावर भाषांची यादी आली, आणि आईने तिच्यातली 'मराठी' ओळखून बोट ठेवले.

कुलूप उघडलेला फोन दर वेळी सुरू होताना पडद्यावर एक सूचना दाखवितो की ही प्रणाली कंपनीने तपासलेली नाही. अँड्रॉइडच्या परिभाषेत या स्थितीला 'नारिंगी' म्हणतात. संत्र्याच्या मुलखातल्या फोनला दुसरा कोणता रंग मिळणार, असे म्हणून आम्ही हसलो. पण ती सूचना थट्टेवारी नेण्याजोगी नाही. कुलूप उघडे असलेला फोन चोराच्या हाती पडला तर तो तितकासा सुरक्षित राहत नाही. काही बँकांची ॲप अशा फोनवर चालायला नकार देतात, कारण फोन मूळ स्थितीत आहे का, हे ती गूगलच्या तपासणीतून विचारून घेतात. आईचे पैशाचे व्यवहार पासबुकावर आणि बँकेच्या खिडकीशी होतात, म्हणून आम्हाला अडचण नव्हती. ज्यांचा सारा व्यवहार फोनवरून चालतो त्यांनी या वाटेला जाण्यापूर्वी दहादा विचार करावा. आमच्या फोनचा कॅमेराही पूर्वीइतका नेटका राहिला नाही. कंपनीची स्वतःची किमया प्रणालीबरोबरच गेली. आणि काही बिघडले तर तक्रार करायला आता खिडकी नाही.

मिळाले ते असे. सुरू व्हायला पूर्वी तीन मिनिटे लागत, आता एकही लागत नाही. घंटी वाजली की चिन्ह घंटीबरोबरच उमटते. जाहिराती गेल्या. सुरक्षेच्या सुधारणा पुन्हा येऊ लागल्या. वडिलांचे निरोप जुन्या संभाषणासह परत आपापल्या जागी बसले. आणि पहिल्या पानावर भाच्याने तीन मोठी चिन्हे ठेवली आहेत, तिघांच्या नावांची. त्यांतले एक शेजारच्या काकूंचे आहे.

या उपद्व्यापातून एक प्रश्न मनात राहिला. पाच वर्षांचे यंत्र धडधाकट असताना ते म्हातारे का ठरावे? त्यातली मेख चिपमध्ये आहे. चिप बनविणारे तिला चालविणारी संहिता बहुधा खुली करीत नाहीत. त्यांनी पाठिंबा थांबविला की फोनची कंपनीही थांबते, आणि स्वयंसेवकांनाही मागच्या जुन्या तुकड्यांवर भागवावे लागते. म्हणून हा प्रश्न एकट्या-दुकट्याच्या हौसेने सुटणारा नाही, कायद्याचा हात लागायला हवा. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार एखाद्या फोनची बाजारातली विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे सुधारणा पुरविणे आणि सात वर्षे महत्त्वाचे सुटे भाग ठेवणे कंपन्यांवर बंधनकारक आहे. आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ च्या जुलैत दुरुस्तीच्या हक्काचा आराखडा करण्यासाठी समिती नेमली, आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचे पोर्टल सुरू झाले. त्यात मोबाईलबरोबर शेतीची अवजारेही आहेत, हे आमच्या भागाने विशेष ध्यानात ठेवावे. पाऊल उचलले गेले, तरी युरोपासारखे बंधन आपल्याला अजून हवे आहे. फोनमुळे पृथ्वीवर पडणारा बहुतांश भार तो वापरताना पडत नाही, तो तयार होतानाच पडतो. जुना फोन दोन वर्षे जास्त चालविणे ही कंजुषी आहे असे कोणी म्हणाले, तर त्याला एवढे सांगावे.

वाचकहो, प्रत्येकाने उद्याच फोन उघडून बसावे, असे माझे म्हणणे नाही. आधी साठवण रिकामी करा, बॅटरी पाहा. मग घरातल्या जाणत्या मुलाला जवळ बसवून आपले मॉडेल यादीत आहे का, ते विचारा. आणि काहीही करण्यापूर्वी जे गमावणे परवडणार नाही, त्याच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवून त्या वाजतात का, ते स्वतः ऐका. फोन बदलायचा नसला तरी एवढे अवश्य करा, कारण फोन कोणाचाही आणि केव्हाही बंद पडू शकतो. पैसे मोजल्याने वस्तू घरात येते. तिच्यात काय आहे हे समजून घेऊन तिचा भार हलका करण्याचे कष्ट आपण घेतो, तेव्हा ती खऱ्या अर्थाने आपली होते. मग तिला कधी निरोप द्यायचा, ते ठरविण्याचा अधिकारही आपल्याकडे येतो.